शंभरातला एक खिळा

मला सगळे तोफ म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. माझी हरकत नाही, जे आहे ते आहे. पण एकदा ही तोफ अख्खी दुपार गप्प बसली होती. ती का गप्प बसली हे सांगायचं तर आधी आमच्या भिंतीवरच्या तारांबद्दल सांगायला हवं.

आमचं घर म्हणजे पुढे भट्टी आणि मागे दोन खोल्या. बाबा होड्यांचे खिळे घडवायचे, त्यांचे वडीलही तेच करायचे. दुकानात कागदाच्या पुडीत मिळतो तो खिळा नव्हे. वीतभर लांब, बोटाएवढा जाड, अंगाने चौकोनी, आणि डोकं मोजून पाच ठोक्यांचं. असा खिळा फळीत गेला की लाकूड पाण्याने फुगतं आणि त्याला जन्मभर सोडत नाही. माझं सासर दोन वर्षांत आटोपलं. मी परत आले, पेटी खाली ठेवली आणि घण उचलला, त्याला त्या वेळी एकतीस वर्षं झाली होती. बाबा सांडशीत लाल गज धरायचे, लहान हातोडीने जागा दाखवायचे आणि मी तिथे घण घालायचे. दिवसाला साठ खिळे. बोलणं फार नसायचं, कारण भट्टीसमोर तोंड उघडलं की आत धूरच जातो.

शंभर खिळे झाले की बाबा डोळे मिटून त्यातला एक उचलायचे. तो पूर्ण गार झालेला हवा. मग तो ऐरणीच्या भोकात अर्धा घालायचा, वरच्या अर्ध्यावर लोखंडी नळी चढवायची आणि हातांनी वाकवायचा, आकड्यासारखा होईपर्यंत. हातोडा लावायचा नाही. हातोड्याला काही कळत नाही, लोखंड काय म्हणतंय ते मनगटाला कळतं, असं त्यांचं म्हणणं. खिळा वाकला तर शंभर चांगले. मोडला तर उरलेले नव्याण्णव भंगारात, मग त्यात दोन दिवसांची मेहनत का गेलेली असेना.

वाकलेला खिळा तारेत अडकवायचा. एका होडीची एक तार. होडी पाण्यात आहे तोवर तार भिंतीवर, आणि होडी मोडीत निघाली की तारही भट्टीत. तेव्हा आमच्या भिंतीवर तेवीस तारा होत्या. कोणी पाहुणा आला की बाबा बोट दाखवत सांगायचे, "ही तरंगतेय. ही तरंगतेय. ही पण तरंगतेय." देवाची ओळख करून द्यावी तसं.

वाकवायचं काम मात्र त्यांचं एकट्याचं. पंचविसाव्या वर्षी मी एकदा म्हटलं होतं, "बाबा, आज मी वाकवते." ते म्हणाले, "ज्याने वाकवला त्याचा शब्द असतो. घण मारणाऱ्याने घण मारावा." त्या दिवशी मी भाजीत मीठ घातलं नाही. त्यांनी ती मुकाट्याने खाल्ली, वर पुन्हा वाढून घेतली. मी परत कधी विचारलं नाही, पण विसरलेही नाही.

मग धाकट्याची होडी आली. धाकटा म्हणजे माझा भाऊ. वीस वर्षं दुसऱ्यांच्या होड्यांवर जाळी ओढून झाल्यावर त्याने तीन सोबत्यांबरोबर स्वतःची होडी बांधायला घेतली. बांधणारा मिस्त्री बाबांचा जुना दोस्त. तो इतकं कमी बोलायचा की लोक त्याला मुका मिस्त्री म्हणत. त्याच्या बायकोने म्हणे लग्नानंतर महिनाभराने माहेरी निरोप धाडला होता, की आवाज ऐकला, चांगला आहे.

होडीला चौतीसशे खिळे लागणार होते. लोखंड आणायचा प्रश्न मोठा. आमचा नेहमीचा भंगारवाला दुकान बंद करून लेकीकडे राहायला गेला होता. नव्या माणसाने एका बंद पडलेल्या गिरणीच्या खिडक्यांचे गज आणून टाकले. बाबांनी गज वाजवून पाहिला, वास घेतला, म्हणाले, चालेल. त्या गजांचे पहिले चारशे खिळे झाले, मग ते गज संपले आणि बाकीचं लोखंड दुसरीकडून आलं. बाबांचा उजवा खांदा त्याच्या आदल्या वर्षी अंगणात पडल्यापासून दुखत होता. विचारलं की म्हणायचे, "दुखतोय म्हणजे जागेवर आहे."

होडी पाण्यात जायला दहा दिवस उरले होते. मोठ्या भरतीचा दिवस ठरला होता. खिळे पुरे झाले की तारेची दोन्ही टोकं पिळून गाठ मारायची आणि ती भिंतीवर टांगायची, अशी आमची रीत. बाबांची बोटं आता गाठ मारायला वळत नव्हती. त्यांनी तार माझ्याकडे दिली आणि आत जाऊन आडवे झाले.

मी तार मांडीवर घेतली. चौतीस खिळे. फडक्याने एकेक पुसत गेले, आणि पहिल्या चारांवर हात थांबला.

गार खिळा वाकवला की वाकणावरची काळी खपली तडकून उडते आणि आतलं लोखंड उघडं पडतं. पुढे ते तांबूस गंजतं. प्रत्येक तारेतल्या प्रत्येक खिळ्याच्या वाकणावर तो तांबूस डाग असतो. या चारांवर नव्हता. वाकण गुळगुळीत, निळसर काळं, खपली जशीच्या तशी. हे खिळे गार वाकवलेले नव्हते. भट्टीत घालून, लाल करून, मग वाकवलेले होते.

हे कळायला मला एक श्वासही लागला नाही. विश्वास बसायला बराच वेळ लागला.

काही लोखंड असं असतं की गरम असताना लोण्यासारखं वळतं आणि गार झालं की काचेसारखं तुटतं. म्हणून तर गार वाकवायचं. तापवून वाकवलेला खिळा काहीच सांगत नाही. कोपऱ्यात त्याच गजांच्या, चारशेवर झालेल्या दहा-बारा खिळ्यांची पिशवी होती. मी त्यातला एक काढला, ऐरणीत घातला, नळी चढवली आणि जोर लावला. खट्. नळी माझ्या हातात आणि अर्धा खिळा पायाशी. तुटल्या जागी लोखंड जाड्या मिठासारखं दाणेदार चमकत होतं. दुसरा वाकला. तिसरा वाकला. चौथा पुन्हा तुटला.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, तशी गेली. आणि हे चारशे खिळे कुठे गेले होते ते मला माहीत होतं. मिस्त्री खालून वर बांधत येतो. पहिले खिळे सगळ्यात खालच्या फळ्यांत, कण्याला लागून, जिथे पाण्याचा सगळा भार येतो. तिथे खिळा जाड लाकडात आतच राहतो, त्याचं टोक बाहेर काढून वळवत नाहीत. वळवलं असतं तर तिथेच तुटून कळलं असतं. आणि त्या फळ्यांवर उभा राहून माझा भाऊ समुद्रात जाणार होता.

बाबांना उठवायला गेले आणि दारातच थांबले. ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते, उजवा हात डाव्या हातात धरून, एखादी फुटकी वस्तू सांभाळावी तसा. मी परत येऊन ऐरणीपाशी बसले. दुपारभर बसले. तोफ गप्प बसली ती ही दुपार.

ते उठून आले तेव्हा तुकडे ऐरणीवरच होते. त्यांनी ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

"तापवून वाकवलेत?" मी म्हटलं.

ते स्टुलावर बसले. गुडघे चोळायला लागले.

"हात चालत नव्हता."

"मग मला सांगायचं. मी काय मेले होते?"

"सांगायचं होतं."

"बाकीचे तीस कसे गार वाकवलेत मग?"

"नळी बदलली. दुप्पट लांबीची घेतली. थोडा जोर कमी लागतो." ते जमिनीकडे पाहून बोलत होते. "ते आधी सुचलं नाही. पहिल्या वेळी खिळा हललाच नाही. तू पाणी आणायला गेली होतीस. मी तो भट्टीत घातला, म्हटलं एवढा एकच. मग चार झाले."

"आणि लोखंड वाईट आहे हे माहीत नव्हतं तुम्हाला?"

"माहीत नव्हतं असं नाही म्हणणार," ते म्हणाले. "माहीत करून घेतलं नाही."

मला वाटलं होतं मी ओरडेन. ओरडले नाही. मी म्हटलं, "उद्या दुपारपर्यंत तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते."

त्या क्षणी मला त्यांची दया आली नाही, हे कबूल करते. एकतीस वर्षं मी घण मारला, आणि या माणसाने माझ्या भावाचा जीव पणाला लावला, पण ती नळी माझ्या हातात दिली नाही. माझ्या मनात हेच होतं, आणि त्याची मला लाजही वाटत होती.

सकाळी बाबा धुतलेला सदरा घालून निघाले. तार त्यांनी गळ्यात अडकवली, मला धरू दिली नाही. होडी बांधायची जागा खाडीच्या काठाला, चालत वीस मिनिटं. आम्हाला पाऊण तास लागला.

धाकटा होडीच्या पुढच्या टोकाला रंगाचा दुसरा हात देत होता. त्याची बायको खाली डबा धरून उभी होती. ती डावखुरी, तिच्या उजव्या हातातल्या डब्यातून रंग सारखा सांडत होता आणि त्यावरून दोघांचं लटकं भांडण चाललं होतं. बाबांना पाहून धाकटा हसला.

"अरे वा! आज हार घालून नवरदेव आलाय."

बाबा हसले नाहीत. ते मिस्त्रीजवळ गेले आणि त्याच्या रंध्याच्या पाटावर तार ठेवली.

"पहिले चारशे कुठे गेले, मिस्त्री?"

मिस्त्रीने कण्याजवळच्या फळ्यांकडे हात केला. दोन या बाजूला, दोन त्या बाजूला.

"ते काढावे लागतील," बाबा म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, खांद्याचं कारण पुढे केलं नाही, माझंही नाव घेतलं नाही. 'तापवून वाकवले' हे शब्द त्यांनी दोनदा म्हटले, कोणाला ऐकू आले नसतील तर म्हणून.

धाकटा शिडीवरून खाली आला. ब्रश हातातच होता.

"बाबा, नऊ दिवसांवर भरती आली. राळ भरून झाली, रंग झाला. चार खिळे तापवून वाकवले म्हणून काय चारशे वाईट झाले? वरचे तीन हजार आहेत ना चांगले?"

"खालच्या फळ्या त्या तीन हजारांना ओळखत नाहीत."

"कोण येणारे बघायला? झाकली मूठ..." तो बोलता बोलता थांबला. आपण काय म्हणतोय ते त्यालाच कळलं असावं.

तेव्हा मुका मिस्त्री बोलला. "एकाचं डोकं उडालं होतं. डाव्या बाजूला, दुसऱ्या फळीत." सगळे त्याच्याकडे बघायला लागले, तसा तो कानामागची पेन्सिल काढून पुन्हा तिथेच खोचत म्हणाला, "मला वाटलं, माझा ठोका चुकला. तुझा खिळा आहे म्हटल्यावर दुसरं काय वाटणार?"

बाबांनी मान खाली घातली. मी त्यांच्या बाजूला उभी होते. मला त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता.

मिस्त्रीने पहार आणली. वर भरलेली लांबी खरवडून एका खिळ्याचं डोकं मोकळं केलं, पहारीचा पंजा लावला आणि कुरकुर करत तो खिळा बाहेर आला. मिस्त्रीने तो ओंडक्यावर शिकंज्यात धरला. माझ्या झोळीत नळी होतीच. बाबांनी ती धाकट्याच्या हातात दिली.

धाकट्याने जोर लावला. खिळा वाकला. छान, गोल वाकला, खपली उडून वाकण चमकलं. दुसराही तसाच वाकला. धाकट्याचा एक सोबती टाळी वाजवून म्हणाला, "बघा! उगाच घाबरवलं म्हाताऱ्याने." धाकटा घाम पुसत हसला, त्याची बायको हसली. खरं सांगते, मीसुद्धा सुटकेचा श्वास सोडला. मनात म्हटलं, निघू देत सगळे चांगले, मी खोटी पडले तरी चालेल.

बाबा म्हणाले, "पुढचा."

तिसरा खिळा वाकला नाही. खट् आवाज झाला आणि धाकटा तोल जाऊन दोन पावलं पुढे गेला. वरचा अर्धा तुकडा लाकडाच्या भुश्श्यात पडला. तो त्याने उचलून उन्हात धरला, तुटल्या जागेवर अंगठा फिरवला. मग तिथेच, भुश्श्यात बसला. त्याच्या बायकोने रंगाचा डबा खाली ठेवला. ती बाबांकडे पाहत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, नुसती भीती होती, जी आता तिला बसायला लागली होती.

"पहिल्या खेपेला हिला नेणार होतो," धाकटा म्हणाला. "पलीकडच्या बंदरापर्यंत. हिने कधी पाहिलं नाही म्हणून."

मिस्त्रीने पहार उचलली आणि पुढचं डोकं मोकळं करायला घेतलं.

भरती हुकली, पुढचीही हुकली. मासळीचा पहिला महिना गेला. चारशे खिळे काढायला सोळा दिवस लागले. कितीकांची डोकी पंज्यातच उडाली, मग आजूबाजूचं लाकूड कोरून बुंधे काढावे लागले. बाबा रोज येऊन होडीखाली बसायचे आणि पडलेला प्रत्येक तुकडा डब्यात गोळा करायचे. लोक यायचे, बघायचे, जायचे. साठ वर्षांत कमावलेलं नाव सोळा दिवसांत कसं जातं ते मी पाहिलं. त्यानंतर त्यांच्याकडे कोणी नवं काम आणलं नाही. ज्यांच्या होड्या त्यांच्याच खिळ्यांवर तरंगत होत्या तेही वाट वाकडी करून जायला लागले.

घरी आम्ही नवे चारशे घडवत होतो. सांडशी बाबांच्या डाव्या हातात, घण माझ्याकडे. पहिले शंभर झाले तेव्हा ते उठले, नळी माझ्या मांडीवर ठेवली आणि बाहेर जाऊन पाठ करून उभे राहिले.

मी डोळे मिटून एक खिळा उचलला, ऐरणीत घातला, नळी चढवली. एकतीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते काम समोर होतं. जोर लावला. आधी काहीच नाही. मग लोखंड हललं, आणि मनगटातून कोपरापर्यंत काहीतरी सरकत आलं, एखादा हट्टी माणूस शेवटी हो म्हणतो तसं. मी रडले. कशासाठी रडले ते विचारू नका, मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

बाबा आत आले, वाकण निरखलं, तारेत खिळा अडकवला. मी म्हटलं, "ते पहिले चार काढून टाकते."

"राहू दे."

"कशाला? येणारा जाणारा विचारेल."

"विचारेल तर सांग," ते म्हणाले.

होडी पाण्यात गेली त्या दिवशी ते आले नाहीत. मी परत येऊन सांगितलं, "तरंगतेय." त्यांनी नुसती मान हलवली. दीड वर्षाने ते गेले. शेवटपर्यंत त्या तारेकडे बोट दाखवून त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही.

याला आता अकरा वर्षं झाली. होडी अजून पाण्यात आहे. काम हळूहळू परत आलं, माझ्या नावाने आलं. धाकट्याची बायको माझ्या जोडीला घण मारते, डाव्या हाताने, त्यामुळे मला उलट्या बाजूला उभं राहावं लागतं, आणि त्यावरून आमचं रोज वाजतं. वाकवायचं काम माझं. वाकवणारी मी, तेव्हा शब्द माझा.

गेल्या पावसाळ्यापासून माझं मनगट दुखतंय. विचारलं तर मीही सांगते, दुखतंय म्हणजे जागेवर आहे.

काल शंभर खिळे पुरे झाले. धाकट्याची बायको घडा घेऊन पाण्याला गेली होती. मी एक खिळा उचलला, ऐरणीत घातला, नळी चढवली. खिळा हलला नाही. पुन्हा जोर लावला. डोळ्यांसमोर अंधारी आली, खिळा तसाच उभा. भट्टी तीन पावलांवर होती, निखारे लाल होते, घरात कोणी नव्हतं. खिळा कधी माझ्या हातात आला आणि मी कधी भट्टीकडे वळले ते मला कळलंच नाही.

समोर भिंतीवर ती तार होती. चार काळी वाकणं आणि बाकी सगळी तांबूस.

अकरा वर्षं मी त्यांना मनातून माफ केलं नव्हतं. काल केलं. मग खिळा परत ऐरणीत उभा केला, नळी खाली ठेवली, आणि ती परत येईपर्यंत दारात जाऊन बसले. ती आली, घडा उतरवला, म्हणाली, "काय हो ताई, आज तोफ थंड कशी?"

मी म्हटलं, "हात चालत नाही माझा. ये, तू वाकव."